साडेत्रेसष्ट अंश: प्लेग, चाळ आणि आमच्या आजीचा वाडा



मागच्या महिन्यात नाशिकच्या एका कॉलेजात सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर बोलायला गेले होते. शेवटी एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुमचं एमएस्सी मायक्रोबायोलॉजीत, मग पीएचडीला चाळी आणि घरभाडं कुठून आलं?" तिथे हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे, ते आज इथे लिहिते. तुमच्यापैकी बरेचजण पेटच्या तयारीत आहात आणि "विषय सापडत नाही" ही तुमची नेहमीची तक्रार असते. त्यामुळे विषय कसा सापडतो, हेही त्यातून दिसेल.

आजीच्या दारावरचा कागद

माझी आजी, म्हणजे आईची आई, जुन्या नाशकात एका वाड्यात भाडेकरू होती. दोन खणांची खोली, वर माळा, मधे सामाईक चौक, मागच्या बोळाकडे संडास. मी शाळेत असताना एका पावसाळ्यात मागची भिंत खचली आणि दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पालिका अशी नोटीस देते. इमारत पडायला आली असेल तर दुरुस्त करा, पाडा किंवा रिकामी करा, असं ते कलम सांगतं. जुन्या नाशकात, म्हणजे भद्रकाली, तांबट लेन, दहीपूल, सोमवार पेठ या भागात, दर जूनमध्ये अशा नोटिसा लागतात आणि दर पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत पडल्याची बातमी येते.

आजी काही हलली नाही. मामा म्हणाला, "आई, चल आमच्याकडे." तर म्हणे, "एकदा का कुलूप लावलं की खोली गेली." भाडं इतकं कमी होतं की महिन्याच्या दुधाचं बिल जास्त असेल. मालक म्हणायचे, एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. आजी म्हणायची, मालकाला वाडा पडायलाच हवाय. तेव्हा मला दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटायचं. पुढे कळलं की दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. माझं संशोधन खरं तर इथूनच सुरू झालं. एखादं घर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत जातं आणि ते वाचवणं कुणालाच परवडत नाही, हे होतं कसं? उत्तर शोधायला १८९६ सालच्या मुंबईत जावं लागलं.

प्लेग आणि एक अर्धवट बरोबर सिद्धांत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीलगतचा धान्याच्या वखारींचा भाग. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे ठाऊक नव्हतं. अधिकारी आणि डॉक्टर यांच्यात जुनी समजूत घट्ट होती की कोंदट हवा, ओल, अंधार आणि घाण यातून रोग उपजतो. मग उपायही तसेच झाले. गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडलं, घरात ऊन यावं म्हणून कौलं उतरवली, भिंतींना चुना मारला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तसं इंग्रजी आद्याक्षरांत रंगवलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच्या जोरावर पुण्यात घरझडत्या झाल्या, लोक प्रचंड दुखावले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. तो भाग तुम्ही शाळेत शिकलाच आहात.

आता मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी जरा थांबायचं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. पण लगेच कुणी ते मानलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर काम झालं तेव्हा कुठे ते सर्वमान्य झालं. म्हणजे ज्या वर्षांत मुंबईची घरं पाडायचे निर्णय झाले, त्या वर्षांत रोगाचं कारण चुकीचं धरलेलं होतं. आणि गटारं धुऊन काढल्यावर उंदीर जाणार कुठे? शेजारच्या घरात.

पण सिद्धांत पूर्ण चुकीचाही नव्हता. दाटीवाटीच्या, कच्च्या, धान्याला लागून असलेल्या घरांत उंदीर जास्त, म्हणून प्लेगही जास्त. अंधार आणि प्लेग एकत्र दिसायचे ते यामुळे. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे आपण स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात घोकतो. इथे त्या चुकीवर अख्ख्या वस्त्या पाडल्या गेल्या.

नाशिक जिल्हाही यातून सुटला नाही. सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये भगूरला प्लेगनेच गेले. त्या काळात गावोगावचे लोक एक साधा उपाय करत. घर सोडायचं आणि शेतात झोपड्या बांधून राहायचं. कारण माहीत नव्हतं, तरी उपाय लागू पडायचा, कारण उंदीर मागे घरातच राहायचे. मात्र ज्याला बाहेर शेत होतं, त्यालाच हे जमायचं.

ट्रस्ट आला आणि खोल्या कमी झाल्या

१८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची कामं अशी: दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन वसाहतीसाठी तयार करणे आणि गरिबांसाठी स्वच्छ घरं बांधणे. नागपाड्यापासून सुरुवात झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते निघाले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. आज माटुंग्याच्या झाडीतून फिरताना छान वाटतं, तेही ट्रस्टचंच काम.

पण हिशेब करा. रस्ता रुंद करायचा तर खोल्या पाडाव्या लागतात. पाडणं लगेच होतं, बांधायला वर्षं लागतात. ट्रस्टने चाळी बांधल्या खऱ्या, पण पाडलेल्यांची भरपाई होईल इतक्या वेगाने नाही. उठवलेला माणूस कामापासून लांब जाऊ शकत नव्हता. पहाटे गोदीत किंवा गिरणीच्या दारात हजर नसेल तर त्या दिवसाचा रोज बुडायचा. मग तो शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत, पोटभाडेकरू म्हणून शिरायचा. एका ठिकाणची दाटी पुसली की दुसऱ्या ठिकाणी वाढायची आणि तिथलं भाडंही चढायचं.

ट्रस्टच्या चाळींना आपण बीआयटी चाळी म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दादरला 'राजगृह' बांधेपर्यंत परळच्या अशाच एका चाळीत दोन खोल्यांत कुटुंबासह राहिले. नाशिकच्या मुलांना हे मुद्दाम सांगते, कारण १९३० मध्ये आपल्या काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेल्या सत्याग्रहाच्या नेत्याचं घर तेव्हा चाळीतल्या त्या दोन खोल्याच होत्या.

कोनमापक घेऊन बसा

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात एक नियम लावून धरला. राहत्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढा. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. हा विचित्र आकडा आला कुठून? साडेत्रेसष्ट अंशांचा टॅन्जंट जवळपास 2 आहे. म्हणजे साध्या भाषेत, समोरची इमारत दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यात इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता.

लंडनचा कोन मुंबईला का लावायचा, असा प्रश्न मला पडला आणि मी वहीत गणित मांडलं. तुम्हीही करून बघा. दुपारी सूर्याची उंची म्हणजे 90 वजा अक्षांश, अधिक सूर्याची क्रांती. लंडन साडेएकावन्न अंशांवर आहे. तिथे २१ जूनलासुद्धा दुपारचा सूर्य 62 अंशांवर असतो. म्हणजे हा नियम तंतोतंत पाळून बांधलेल्या पूर्व-पश्चिम गल्लीच्या तळाला लंडनमध्ये दुपारचं ऊन वर्षभरात एकदाही लागत नाही! तिथे नियम फक्त आकाशाचा उजेड देतो. नाशिक 20 अंशांवर, मुंबई 19 वर. आपल्याकडे मार्चच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य या कोनाच्या वर असतो, ऊन तळापर्यंत पोचतं. यातले चार महिने ढगात जातात ते सोडा. डिसेंबरात सूर्य नाशकात साडेसेहेचाळीस अंशांवर येतो आणि भिंतीचा खालचा जवळजवळ निम्मा भाग सावलीत राहतो. म्हणजे उसना नियम इथे मूळ गावापेक्षा चांगला चालतो. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायची गरज पडली नाही, बारावीची त्रिकोणमिती पुरली.

पण हेच गणित पुढे नेलं की दुखरी बाजू दिसते. समजा 30 फूट जाडीच्या, 44 फूट उंच चाळींच्या रांगा आहेत आणि मधे फक्त सफाईसाठी 3 फुटांची गल्ली आहे. ऑरचा नियम लावला तर गल्ली 22 फूट करावी लागेल. आधी एका रांगेला 33 फूट जागा लागायची, आता 52 फूट. म्हणजे पूर्वी 100 खोल्या बसायच्या तितक्याच जमिनीत आता 63 खोल्या. उरलेल्या 37 खोल्यांतल्या माणसांनी कुठे जायचं? आणि त्या 63 खोल्यांनी सगळ्या जमिनीची किंमत भाड्यातून फेडायची. उजेड फुकट मिळत नाही, तो भाड्यात येतो. हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत, ट्रस्टच्या अहवालातले नव्हेत. पण पेच तोच आहे.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस भारतभर फिरून वेगळं काही सांगत होते. अख्खी वस्ती पाडू नका, मोडकळीला आलेलं एखादंच घर काढा, तिथे छोटा चौक करा, विहीर दुरुस्त करा, झाड लावा. स्वस्त उपाय होता, पण त्यासाठी गल्लीगल्लीत चालत जाऊन प्रत्येक घर बघावं लागतं. नकाशावर रेघ ओढणं त्यापेक्षा सोपं.

सरकार स्वतः घरमालक होतं तेव्हा

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट काढलं. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचा संकल्प होता. पैसा उभारायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे एका चाळीत 80. खोली 160 चौरस फूट, संडास सामाईक. एकूण गुणाकार साडेसोळा हजारांच्या आसपास जातो, म्हणजे संकल्पाच्या एक तृतीयांश.

आणि गंमत अशी की घरांची एवढी टंचाई असूनही यातल्या कितीतरी खोल्या 1920 च्या दशकात रिकाम्या पडल्या. भाडं कामगाराला झेपत नव्हतं आणि तेव्हाची वरळी गिरण्यांपासून, बाजारापासून लांब होती. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. पुढे शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत पोचलं, भाडी परवडू लागली आणि याच चाळी गजबजल्या. आज तिथे पुनर्विकास चालू आहे, 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांची घरं मिळतायत. एकच इमारत 1925 साली फसलेली योजना वाटते आणि 1955 साली यशस्वी. तुम्ही मोजमाप कुठल्या साली करता, यावर निष्कर्ष ठरतो.

मग नाशिकचं काय?

नाशिकला नगरपालिका १८६४ पासून आहे, पण मुंबईसारखा ट्रस्ट इथे कधी झाला नाही. नागपूरला १९३६ च्या कायद्याने मिळाला. नाशिकच्या वाट्याला मुंबईचं जे आलं ते म्हणजे भाड्याचा कायदा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 'प्रमाण भाडं' ठरवलं. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, ते भाडं. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढी मिळत मिळत पन्नास वर्षं टिकला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ करता येते. पण मुळात भाडंच चाळीस-पन्नास रुपये असेल तर त्याचे 4 टक्के किती? दोन रुपये.

मुंबईत निदान एक सोय झाली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची. ती फक्त मुंबई शहर बेटापुरती. नाशिकच्या वाड्याला गोठलेलं भाडं मिळालं, दुरुस्तीचा निधी मिळाला नाही. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, शहर सातपूर, सिडको, नाशिकरोडकडे पसरलं, ज्यांना जमलं ते फ्लॅटमध्ये गेले. जुन्या गावठाणात राहिले ते भाडेकरू, म्हातारी माणसं आणि कोर्टातल्या केसेस.

माझ्या आजीची भीती इथे कळते. वाडा पडला तर भाडेकरूचा हक्कही पडतो का, यावर न्यायालयांत वेगवेगळी मतं होती. सांगली-मिरजेकडच्या एका प्रकरणात पालिकेने धोकादायक इमारत पाडली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल लागला की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीवरही असतो. आजीच्या वेळी हे स्पष्ट नव्हतं. भिजलेल्या भिंतीखाली झोपणं, हा तिच्या दृष्टीने हक्क राखण्याचा एकच मार्ग होता. आपण त्याला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणत होतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

यातून तुम्ही काय घ्यावं, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, प्रश्न 'सरकार नापास का झालं' असा मांडू नका. ट्रस्ट, ऑर, लॉईड, कायदे करणारे, सगळ्यांनी समोर दिसणारा प्रश्न सोडवला. प्रत्येक उपायाने पुढचा प्रश्न तयार केला. उजेड दिला तर खोल्या घटल्या, सरकारने स्वतः खोल्या बांधल्या तर भाडं झेपेना, भाडं गोठवलं तर दुरुस्ती थांबली. ही साखळी दाखवणं म्हणजे संशोधन.

दुसरं, तुमचा जुना विषय टाकून देऊ नका. प्लेगचा जिवाणू ओळखीचा असल्यामुळे मला अहवालातली चूक दिसली. तुम्ही फिजिक्सचे असाल तर ऊन मोजा, कॉमर्सचे असाल तर भाड्याच्या पावत्या वाचा.

तिसरं, कागद कुणी लिहिला ते बघा. ट्रस्टचे अहवाल अधिकाऱ्यांनी लिहिले, भाड्याचे निकाल न्यायाधीशांनी. मागच्या बोळातून टोपली वाहून नेणाऱ्या सफाई कामगाराने यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि आख्ख्या शहराची 'स्वच्छता' मात्र त्याच्या डोक्यावर होती. तो बोळ नकाशावर दिसतो. तिथून सुरुवात करता येते.

चौथं, जाऊन मोजा. गेल्या उन्हाळ्यात मी टेप घेऊन आजीच्या वाड्यात गेले होते. आता तिथे कुणी राहत नाही, मागची बाजू पडलीय, पण चौक शाबूत आहे. चौकाची रुंदी साधारण 11 फूट, समोरच्या भिंतीची उंची 21. कोन काढला, साडेबासष्ट अंशांच्या आत बसला. ऑरचा जन्म व्हायच्या आधी कुण्या गवंड्याने बांधलेला वाडा ऑरच्या नियमात पास! मग आजीची खोली अंधारी का होती? वर बघितलं तर चौकावर पत्रा होता. घरं वाढली, खोल्यांच्या वाटण्या झाल्या, पावसाचं पाणी आत यायला लागलं. मालकाने छप्पर दुरुस्त केलं नाही म्हणून भाडेकरूंनी वर्गणी काढून पत्रा घातला. पाऊस थांबला आणि ऊनही.

आजीला शेवटी मामाने आणलंच, भिंत पडल्याच्या दुसऱ्या वर्षी. खोलीची किल्ली तिने शेवटपर्यंत कमरेच्या पिशवीत ठेवली होती. ती किल्ली आता माझ्या टेबलावर असते. गाईडने विचारलं होतं, "यात तुझा डेटा कुठला?" त्या दिवशी मी किल्ली दाखवली नाही, चौकाची मापं दाखवली. तुम्हीही मापंच दाखवा. किल्ली मात्र जवळ असू द्या.

तुमच्या गावात असा वाडा, चाळ किंवा खोल्यांची लाईन असेल तर या रविवारी टेप घेऊन जा. दोन भिंतींमधलं अंतर आणि समोरच्याची उंची मोजा, कोन काढा आणि तिथे राहणाऱ्या कुणालातरी विचारा की ऊन कुठल्या महिन्यात कुठवर येतं. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर समजा तुम्हाला विषय सापडला.